शेवटचा पास कोणाला?



सामना हरला की कडेला उभ्या असलेल्या सगळ्यांच्या नजरा एकाच मुलाकडे वळतात. ज्याच्या हातून चेंडू सुटला, ज्याने ऐन वेळी भलत्यालाच पास दिला, ज्याने हातातली बास्केट घालवली, त्याच्याकडे. कोणी त्याला पाणी देतं, कोणी ‘जाऊ दे रे’ म्हणत पाठीवर हात ठेवतं, कोणी चारचौघांत त्याची खरडपट्टी काढतं. बरी-वाईट कशीही असो, त्याची दखल घेतली जाते.

मला आज बोलायचंय ते दुसऱ्याच मुलाबद्दल. संघातला सगळ्यांत चांगला खेळणारा मुलगा किंवा मुलगी. निम्म्याहून जास्त गुण ज्याने एकट्याने केले, जीव तोडून धावला आणि शेवटी दुसऱ्याच्या चुकीने हरला, तो. तो बाकावर टॉवेल डोक्यावर ओढून बसतो, बाटली आपटतो, कोणाशी बोलत नाही. आपण म्हणतो, ‘बिचाऱ्याचं काय चुकलं?’ आणि तिथेच थांबतो. पण अशा मुलातून कप्तान घडायचा असेल तर तो सामन्यानंतरच्या अर्ध्या तासात घडतो, आणि बिघडायचा असेल तर तोही याच अर्ध्या तासात. त्यातला निम्मा वेळ तो आपल्या, म्हणजे मोठ्यांच्या, ताब्यात असतो.

नालवाडी आता नावालाच वेगळं गाव राहिलंय. वर्धा शहराला ते इतकं चिकटलंय की गाव कुठे संपतं आणि शहर कुठे सुरू होतं हे नव्या माणसाला सांगून कळत नाही. इथल्या आणि आसपासच्या मुलामुलींना संध्याकाळी मी बास्केटबॉल शिकवते. त्यांचे आईवडील सेवाग्रामच्या दवाखान्यात, एमआयडीसीत, शाळांमध्ये, दुकानांत काम करतात; काहींची सोयाबीन-कपाशीची शेती आहे. शालेय स्पर्धा असली की हीच माणसं अर्धी रजा टाकून येतात, हे मी बघते. मुलांच्या खेळाबद्दल इतकी आस्था असलेल्या पालकांना चार शब्द मोकळेपणाने सांगता येतात, म्हणून हे लिहितेय.

आधी एका फार मोठ्या खेळाडूची गोष्ट सांगते. तुमच्या मुलांना ती पाठ असेल, कारण तिच्यातल्या एका क्षणाचं चित्र त्यांच्या मोबाइलवर विनोद म्हणून फिरत असतं.

31 मे 2018. अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेच्या अंतिम मालिकेतला पहिला सामना. एका बाजूला ओकलंडच्या घरच्या मैदानावर खेळणारा बलाढ्य गोल्डन स्टेट वॉरियर्स, दुसऱ्या बाजूला क्लीव्हलँड कॅव्हेलियर्स. क्लीव्हलँड जिंकेल असं फारसं कोणाला वाटत नव्हतं. पण लेब्रॉन जेम्स त्या रात्री असा खेळला की बघणारे बघतच राहिले. त्याने एकट्याने 51 गुण केले. सामना संपायला 4.7 सेकंद उरली असताना क्लीव्हलँडच्या जॉर्ज हिलला दोन फ्री थ्रो मिळाले. पहिला गेला आणि गुण झाले 107-107. दुसरा गेला असता तर क्लीव्हलँड एका गुणाने पुढे. तो रिंगला लागून बाहेर आला.

उडालेला चेंडू पकडला क्लीव्हलँडच्याच जे. आर. स्मिथने, तोही बास्केटच्या अगदी जवळ. बास्केटबॉलमध्ये पावणेपाच सेकंद म्हणजे चांगला वेळ असतो. वर उडून चेंडू टाकता आला असता, मोकळ्या सोबत्याला देता आला असता, नाहीतर संघाकडे शिल्लक असलेला एक टाइमआउट मागता आला असता. स्मिथ मात्र चेंडू घेऊन बास्केटपासून दूर, मैदानाच्या मध्याकडे पळत सुटला. आपण एका गुणाने पुढे आहोत आणि आता फक्त वेळ काढायचाय, अशा समजुतीत तो होता, असं प्रशिक्षक टायरॉन लू नंतर म्हणाले. आपल्याला गुण माहीत होते, असं स्मिथचं तेव्हाचं म्हणणं. ते काही असो, वेळ संपली. लेब्रॉनचे दोन्ही हात बास्केटच्या दिशेने पसरलेले आणि चेहऱ्यावर ‘अरे, करतोयस काय?’ हा भाव. तेच ते चित्र.

हा किस्सा सांगणारे बहुतेक जण इथेच थांबतात आणि हसतात. पण सामना अजून संपलेला नव्हता. गुण बरोबरीत होते, आणि जादा वेळेची अख्खी पाच मिनिटं बाकी होती. ती सुरू होण्याआधी क्लीव्हलँडच्या बाकावर काय झालं याची चित्रफीत पुढे बाहेर आली. आपल्याकडे टाइमआउट होता का, असं लेब्रॉन विचारतो. होता, असं कळतं. तो मान खाली घालतो, हात चेहऱ्याकडे नेतो आणि खुर्चीत कोसळल्यासारखा बसतो. आजूबाजूचे सोबती गप्प. त्यानंतरच्या पाच मिनिटांत वॉरियर्सने 17 गुण केले आणि क्लीव्हलँडने 7. सामना 124-114 असा गेला.

सामन्यानंतर लॉकर रूममध्ये लेब्रॉनने रागाच्या भरात फळ्यावर हात मारला. हाताला दुखापत झाली. ही गोष्ट मालिका संपेपर्यंत बाहेर आली नाही. क्लीव्हलँड 4-0 हरल्यावर तो हाताला आधार बांधून पत्रकारांसमोर आला आणि म्हणाला की भावना अनावर झाल्या, उरलेले तिन्ही सामने जवळजवळ मोडलेल्या हातानेच खेळलो.

म्हणजे एका रात्री दोन चुका झाल्या. स्मिथची साऱ्या जगाने पाहिली. दुसरी बंद खोलीत झाली, ती जगातल्या सर्वांत चांगल्या खेळाडूंपैकी एकाच्या हातून, रागाच्या पोटी. स्मिथच्या चुकीनंतर क्लीव्हलँडला अजून पाच मिनिटं मिळाली होती. फळ्यावरच्या त्या फटक्याचा भुर्दंड तीन सामने भरावा लागला.

आता लेब्रॉनच्या बाजूनेही बघू या, कारण त्याचं सगळंच चुकलं असं म्हणणं अन्यायाचं होईल. त्याच रात्री पत्रकारांनी त्याला पुन्हा पुन्हा डिवचलं. स्मिथच्या डोक्यात काय होतं? गुण किती आहेत हे त्याला माहीत होतं का? लेब्रॉनने उत्तर दिलं की त्याच्या मनात काय होतं ते मला माहीत नाही. प्रश्न थांबेनात तेव्हा तो उठून निघून गेला. 51 गुण केलेल्या माणसाला ‘मी काय करू, सोबतीच असे’ एवढं म्हणणं किती सोपं होतं! तो ते म्हणाला नाही. आणि 2020 मध्ये लेब्रॉन लॉस एंजेलिस लेकर्सकडून खेळत असताना संघात ऐन वेळी एक जागा रिकामी झाली, तेव्हा लेकर्सने घेतलं ते याच जे. आर. स्मिथला. त्या वर्षी लेकर्स विजेते ठरले आणि दोघं पुन्हा एका विजेत्या संघात आले. 2016 मध्ये क्लीव्हलँडला विजेतेपद मिळालं तेव्हाही हे दोघं एकत्रच होते. दोन विजेतेपदांच्या मधोमध ती 4.7 सेकंद आहेत.

तेव्हा लेब्रॉनला राग आला याचं नवल नाही. यायलाच हवा होता. ज्याने जीव ओतलाय त्याला राग येणार. ‘खेळात हार-जीत चालायचीच’ हे वाक्य आपण मुलांच्या तोंडावर फार लवकर फेकतो, आणि त्यांना त्यातून एवढंच ऐकू येतं की आपल्या कष्टाची कोणाला किंमत नाही. येऊ द्या राग. रडू येत असेल तर रडू द्या. पाहायचं ते इतकंच की हा राग जातो कुठे? फळ्यावर, सोबत्यावर, की पुढच्या पाच मिनिटांच्या खेळात?

आमच्या मैदानावरचं एक दृश्य सांगते. मुलींच्या गटातला एक सामना शेवटच्या क्षणी हातचा गेला. कारण एका मुलीने घाईत चेंडू थेट प्रतिस्पर्ध्याच्या हातात दिला होता. कप्तान मुलगी समजूतदार. ती कोणाला काही बोलली नाही. सामन्यानंतर मी गोरसपाक बिस्किटांचा पुडा फोडला, तेव्हा सगळ्यांत आधी तिनेच त्या मुलीपुढे धरला. मला वाटलं, झालं, मिटलं.

पुढच्या सरावात खरी गोष्ट दिसली. ती चुकलेली मुलगी कोपऱ्यात एकदम मोकळी उभी होती. दोन्ही हात वर, ‘दे, दे’ म्हणत होती. कप्तानाने तिच्याकडे पाहिलं आणि चेंडू तिच्या डोक्यावरून पलीकडच्या मुलीला फेकला. पुढच्या वेळी ती स्वतः दोघींच्या घेऱ्यात घुसली, चेंडू घालवून बसली, पण मोकळ्या मुलीला दिला नाही. असं बऱ्याच वेळा झालं. मग त्या मुलीने हात वर करणंच सोडलं. मैदानाच्या कडेकडेने नुसती धावत राहिली.

मी कप्तानाला बाजूला घेतलं. ती म्हणाली, “मॅडम, मी तिला एका शब्दाने बोलली नाही.” ती खरं बोलत होती. खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. पण तिने शिक्षा दिली होती, आणि ती ओरडण्यापेक्षा जबर होती. ओरडा खाल्लेलं मूल दुसऱ्या दिवशी विसरतं. ज्याला पास मिळत नाही, त्याला रोज संध्याकाळी कळत राहतं की मी या संघात नाही.

मी तिला उपदेश केला नाही. सरावाचा नियम बदलला: पाचही जणींच्या हाताला चेंडू लागल्याशिवाय बास्केट धरली जाणार नाही. बास्केटबॉल शिकवणारे हा नियम नेहमी वापरतात. पहिल्यांदा तिने त्या मुलीला नाइलाजाने, मान दुसरीकडे वळवून पास दिला. असू दे, दिला तर खरं. हात आधी वळतो, मन मागाहून येतं. काही संध्याकाळी गेल्यावर तिने तिला हाक मारून पास दिलेला मी ऐकला.

नंतर मला कळलं की त्या सामन्याच्या दिवशी घरी परतताना गाडीवर काय बोलणं झालं होतं. आईवडिलांचा हेतू वाईट नव्हता, पोरीच्या प्रेमापोटीच बोलले. “एकटीनं किती करन माही पोरगी! त्या पोट्टीमुळंच गेली ना मॅच. तिले पास काहून देल्ला तू?” मुलीने हे ऐकलं. आईबाबा म्हणतात म्हणजे बरोबरच असणार. आणि त्यातला शेवटचा प्रश्न तिने आदेश म्हणून घेतला. तिला पास द्यायचा नाही, हे ठरून गेलं.

म्हणून म्हणते, कप्तानाचं शिक्षण मैदानावरून घरापर्यंतच्या रस्त्यावर होतं. बजाज चौकातून नालवाडीपर्यंत फार वेळ लागत नाही, पण ‘कोणामुळे हरलात?’ हा एक प्रश्न विचारायला तेवढा वेळ पुरतो. हा प्रश्न मुलाला शिकवतो की हरण्याला एक नाव असतं आणि ते शोधायचं असतं. ‘तू मात्र छान खेळलास’ हे वाक्यही मी आता जपून वापरा म्हणते. त्यातला ‘मात्र’ काढून टाका. ‘छान खेळलास’ एवढंच पुरे. ‘मात्र’ आला की तो वेगळा पडतो आणि बाकी चौघं गुन्हेगार ठरतात.

‘हे सगळं ठीक, पण चूक तर झालीच ना?’ असं तुम्ही म्हणाल. झाली. ती झाकायची असं मी म्हणतच नाही. चांगला कप्तान गोडगोड बोलणारा असतो हा गैरसमज आहे. चुकीचा हिशेब मांडायचा, पण सरावाच्या वेळी, डोकं थंड असताना, आणि चूक कशी घडली यावर. स्मिथचंच उदाहरण घ्या. जॉर्ज हिलचा दुसरा फ्री थ्रो व्हायच्या आधी खेळ थांबलेला असतो. ‘हा गेला नाही तर बरोबरी आहे, टाइमआउट आहे, चेंडू हाती आला की वर टाका’, एवढं एकमेकांना सांगायला ती वेळ पुरते. ते सांगण्याचं काम सगळ्यांत जास्त कळणाऱ्या खेळाडूचं.

आपल्या शालेय सामन्यांत तर हे आणखी गरजेचं. गुणफलक कित्येकदा टेबलावरचा उलटवायच्या आकड्यांचा असतो, मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून दिसत नाही. वेळ टेबलावर बसलेल्या माणसाच्या हातातल्या घड्याळात. प्रेक्षकांचा गोंगाट वेगळाच. अशा वेळी मुलगा गुणांत चुकला तर तो वेंधळा आहे असं समजण्याआधी विचारायचं, ‘त्याला कोणी सांगितलं होतं का?’ मी माझ्या कप्तानांना हेच काम देते. शेवटच्या दोन मिनिटांत प्रत्येक वेळी खेळ थांबला की गुण, वेळ आणि उरलेले टाइमआउट मोठ्याने ओरडून सांगायचे. आवाज बसला तरी चालेल. ज्याचा आवाज चुकीच्या आधी निघतो, त्याला चुकीनंतर ओरडायची वेळ कमी येते.

आता आपल्या जवळची एक गोष्ट, क्रिकेटमधली. तुमच्यातल्या काहींच्या वडिलांनी ती रेडिओवर ऐकली असेल, दूरदर्शनवर पाहिली असेल, किंवा नागपूरला जाऊन मैदानातही पाहिली असेल.

सुरुवात मात्र दूर शारजात, 18 एप्रिल 1986. भारत-पाकिस्तान अंतिम सामना. शेवटच्या चेंडूवर पाकिस्तानला चार धावा हव्या होत्या. गोलंदाज चेतन शर्मा, वय वीस. यॉर्कर टाकायला गेला, तो फुलटॉस पडला आणि जावेद मियाँदादने षटकार मारला. पुढे कित्येक वर्षं देशात कुठेही क्रिकेटचा विषय निघाला की त्या चेंडूचा उल्लेख व्हायचाच. वीस वर्षांच्या पोराच्या नावावर एक चेंडू कायमचा चिकटला.

कप्तान होता कपिल देव. त्याने काय केलं? त्याच उन्हाळ्यात, इंग्लंडच्या दौऱ्यात, त्याच पोराच्या हातात पुन्हा चेंडू दिला. लॉर्ड्सच्या कसोटीत चेतनने पहिल्या डावात पाच बळी घेतले, बर्मिंगहॅमच्या कसोटीत दहा. भारताने ती मालिका 2-0 जिंकली. आणि 31 ऑक्टोबर 1987 रोजी, विश्वचषकात, आपल्या नागपूरच्या व्हीसीए मैदानावर न्यूझीलंडविरुद्ध चेतन शर्माने लागोपाठ तीन चेंडूंवर रुदरफोर्ड, स्मिथ आणि चॅटफिल्ड या तिघांचा त्रिफळा उडवला. विश्वचषकाच्या इतिहासातली ती पहिली हॅट्ट्रिक. गावसकरचं एकदिवसीय सामन्यांतलं एकमेव शतकही त्याच दिवशीचं. कप्तान तेव्हाही कपिलच.

शारजानंतर कपिलने चेतनला काय शब्द सांगितले हे महत्त्वाचं नाही. त्याने चेंडू दिला, हे साऱ्यांना दिसलं. मुलांना हीच बाजू सांगा. सोबत्यावर विश्वास आहे हे तोंडाने कितीही म्हटलं तरी त्याला ते पटतं चेंडू हाती आल्यावरच.

याच नागपुरात, बनसोड इथे जन्मलेल्या रोहित शर्माकडूनही शिकण्यासारखं आहे, आणि ते अधिक ताजं आहे. 4 सप्टेंबर 2022, दुबई, आशिया चषक. पाकिस्तानविरुद्ध अठराव्या षटकात अर्शदीप सिंगने आसिफ अलीचा सोपा झेल सोडला. कप्तान रोहित मैदानातच संतापून ओरडला. सगळ्यांनी ते टीव्हीवर पाहिलं. पण शेवटच्या षटकात सात धावा वाचवायच्या होत्या, तेव्हा रोहितने चेंडू अर्शदीपलाच दिला. त्याने आसिफला पायचीत केलं आणि सामना पाचव्या चेंडूपर्यंत ओढला. हरलो आपण. मग समाजमाध्यमांवर त्या पोराला काय काय म्हटलं गेलं ते आठवूनही लाज वाटते. त्याच्या धर्मापर्यंत लोक गेले. विराट कोहली पत्रकारांसमोर आला आणि म्हणाला, दडपणाखाली चूक कोणाकडूनही होते. स्वतःच्या तरुणपणी पाकिस्तानविरुद्धच एक वाईट फटका मारून बाद झालो होतो, त्या रात्री पहाटेपर्यंत छताकडे बघत जागा होतो, हेही त्याने सांगितलं. 29 जून 2024 ला टी-20 विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेला 12 चेंडूंत 20 धावा हव्या होत्या, तेव्हा एकोणिसावं षटक रोहितने पुन्हा अर्शदीपकडे दिलं. त्याने फक्त चार धावा दिल्या. त्या स्पर्धेत त्याचे एकूण 17 बळी झाले.

आणि याच रोहितवर पुढे तशीच पाळी आली. 20 फेब्रुवारी 2025, पुन्हा दुबई, चॅम्पियन्स करंडक, समोर बांगलादेश. अक्षर पटेलने लागोपाठच्या दोन चेंडूंवर दोन बळी घेतले आणि तिसऱ्या चेंडूवर स्लिपमध्ये झेल थेट रोहितकडे आला. सुटला. हॅट्ट्रिक गेली. रोहितने जमिनीवर हात आपटून घेतले आणि मग अक्षरपुढे हात जोडले. सामन्यानंतर म्हणाला, त्याला जेवायला घेऊन जाईन बहुधा. झेल सोडणाऱ्यावर ओरडणारा कप्तान स्वतः झेल सोडतो, हे घडायचंच असतं. खेळत राहणाऱ्या प्रत्येकाची पाळी येते. तुमचा हुशार मुलगा आज दुसऱ्यावर चिडलाय. त्याचीही पाळी येणार, आणि त्या दिवशी बाकीचे चौघं त्याच्याशी तसेच वागतील जसं त्याने त्यांना शिकवलंय.

मग घरी काय करायचं? सामन्याच्या दिवशी शक्य तितकं कमी. खाऊ-पिऊ घाला. बोलला तर ऐका. ‘त्याच्यामुळे हरलो’ असं तो म्हणाला तर लगेच ‘असं बोलू नये’ म्हणून गप्प करू नका आणि ‘हो ना’ म्हणून भरही घालू नका. ‘फार वाईट वाटलं असेल’ एवढं म्हणा. त्याला वाईटच वाटलेलं असतं. रागाचं रूप नंतरचं.

एक-दोन दिवस गेले की विचारा, ‘तो कसा आहे? सरावाला आला होता का?’ खूप मुलांना या प्रश्नाचं उत्तर ठाऊक नसतं, आणि ठाऊक नाही हे लक्षात आलं की ती थोडी विचारात पडतात. जमलं तर त्या मुलाच्या आईला तुम्ही स्वतः फोन करा. चुकलेल्या मुलाच्या घरी त्या संध्याकाळी कोणी बोलत नसतं; वडील टीव्ही लावून बसतात, आई जेवायला हाक मारते तेवढीच. तुमच्या एका फोनने ते घर जरा मोकळं होतं. आणि तुमचं मूल शेजारी बसून ऐकत असतं.

पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटाबद्दलही सांगायला हवं. सामन्याची चित्रफीत टाका, पण चूक झालेला तेवढाच तुकडा कापून गटावर टाकू नका. त्यावर हसणारी चिन्हं नकोत. ‘कोच बदला’, ‘त्या मुलाला बसवा’ हे माझ्याशी प्रत्यक्ष येऊन बोला, मी ऐकून घेईन. पण गटावरचं मुलं वाचतात. आईच्या फोनचा पासवर्ड प्रत्येक मुलाला माहीत असतो.

दहावी-बारावीत क्रीडा सवलतीचे गुण मिळतात, म्हणून जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढण्याची घाई तुम्हाला असते हे मला कळतं. एका मुलाच्या चुकीने पुढची पायरी गेली की घरातले सगळे हळहळतात, आणि ते खोटं नाही. तरीही त्या गुणांचा हिशेब मुलासमोर त्याच्या सोबत्याच्या नावाने मांडू नका. दहावीचे गुण एकदाच लागतील. पाच माणसांत काम करायची वेळ दवाखान्यात, कारखान्यात, शेतात, बँकेत आयुष्यभर येणार आहे. तिथेही कोणीतरी ऐन वेळी चुकणारच, आणि तिथेही सगळ्यांत जास्त कळणाऱ्याकडेच बाकीचे बघणार.

ज्यांचं मूल चुकलंय त्या पालकांनाही दोन शब्द. ‘त्यांनी तुला समजून घ्यायला हवं’ असं म्हणून त्याला घरी बसवून ठेवू नका. दुसऱ्या दिवशी सरावाला पाठवा. तो कोपऱ्यात उभा राहील, हात वर करील, पास येणार नाही. तरी त्याला हात वर करायला सांगा. पास देणं हे दुसऱ्याचं काम, हात वर करणं त्याचं.

आणि ज्यांचं मूल कप्तान आहे त्यांना शेवटचं एक मागणं. पुढच्या सामन्याच्या आदल्या रात्री, जर्सी-बूट पिशवीत भरत असताना, त्याला एकदा विचारा: ‘उद्या पाच सेकंद उरली आहेत, गुण बरोबरीत आहेत, दोघांनी तुला घेरलंय, आणि तो मोकळा उभा आहे, त्या दिवशी चुकलेला. देशील त्याला?’ ‘हो’ म्हणाला तर बरं. ‘नाही’ म्हणाला तरी ओरडू नका, त्याला खरं बोलू दिलंत हेच मोठं. मला तेवढं कळवा. सरावात काय करायचं ते मी बघते. जेवणाच्या ताटावर काय बोलायचं ते तुम्ही बघा.